भाड्याने द्यायच्या टू बीएचकेला आतून कोणता रंग द्यावा?

घरमालक_पुणे

नमस्कार मंडळी. पुण्यात जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे, कार्पेट साधारण ५२० चौ. फूट. आधीचे भाडेकरू गेले, नवे येण्याआधी रंगकाम उरकायचं आहे.

हॉल १६ बाय १०, पश्चिमेला मोठी खिडकी. एक बेडरूम ११ बाय १०, पूर्वेकडे उजेड. दुसरी १० बाय १०, पण खिडकी डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद मोकळ्या जागेत) उघडते, दुपारीही ट्यूब लावावी लागते. किचन ९ बाय ८, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आणि त्यावर दोन फूट पांढऱ्या टाइल्स. मध्ये १० बाय ३ चा पॅसेज. बाथरूम-संडासाला सात फुटांपर्यंत टाइल्स आहेत. सगळीकडे छताची उंची साडेनऊ फूट. फरशी आयव्हरी व्हिट्रिफाइड, त्यात बारीक तपकिरी ठिपके. दारांना अक्रोडी सनमायका.

सध्या हॉलची एक भिंत मरून, बाकी क्रीम. एक बेडरूम जांभळट, दुसरी आकाशी, किचन पिस्ता. म्हणजे रंगपंचमीच.

एजंट म्हणतो, करडा द्या, फोटो छान येतात. पेंटर म्हणतो, सगळीकडे ऑफ-व्हाइट, शेड मी बनवून देतो, स्वस्तात पडेल. घरून क्रीमचा आग्रह आहे. माझे प्रश्न: खोलीगणिक वेगळा रंग द्यावा का? साधं इमल्शन (पाण्यात मिसळायचा प्लास्टिक रंग) की महागातलं? मॅट की चमकवालं? दर भाडेकरूनंतर अख्खं घर रंगवणं परवडत नाही, तीन-चार वर्षं निघाली पाहिजेत.

पत्रा_आणि_ब्रश

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य पहिल्यांदा वाचा. राहत्या घराचा रंग आवडीने निवडायचा. भाड्याच्या घराचा रंग निवडताना एकच विचारायचं: दोन वर्षांनी स्विचबोर्डाभोवतीचा हातभर काळा पट्टा आणि खिळ्यांची पाच-सहा भोकं मिटवून तेवढ्याच जागी रंग लावला, तर ठिगळ दिसेल का? दिसणार असेल तर अख्खी भिंत रंगवावी लागते. एक भिंत उजळली की शेजारची मळकी दिसते, म्हणजे खोली गेली, आणि खर्च तिथेच वाढतो.

म्हणून पेंटरचा ऑफ-व्हाइट बरोबर, पण "शेड मी बनवून देतो" याला साफ नाही म्हणा. हाताने शेड करणं म्हणजे पांढऱ्या बादलीत बाटलीतला स्टेनर (दाट रंगद्रव्य) ओतायचा, थोडा पिवळा ऑक्साइड, दोन थेंब काळा, आणि काठीने ढवळायचं. पहिल्या दिवशी झकास दिसतं. पण तीच शेड पुन्हा जगात कोणाला जमणार नाही, त्यालाही नाही. कधीकधी त्याच कामात दुसरी बादली वेगळी निघते आणि बेडरूमच्या कोपऱ्यात सांधा दिसतो. स्टेनर जास्त पडला तर रंग वाळल्यावर हाताला लागतो, ते वेगळंच.

दोनच मार्ग आहेत. कंपनीच्या रेडीमेड शेड्समधला ऑफ-व्हाइट किंवा आयव्हरी घ्या, नाहीतर दुकानातल्या टिंटिंग मशीनवर कोड देऊन बनवून घ्या. मशीनचं घेतलंत तर डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. त्यावर शेडचा कोड, कोणतं प्रॉडक्ट, कोणता बेस (ज्यात मशीन रंग मिसळतं तो मूळ डबा) आणि किती लिटर हे असतं. नुसता कोड लिहून भागत नाही, कारण तीच शेड साध्या इमल्शनमध्ये आणि महागातल्यात थोडी वेगळी दिसते. आणि सगळा माल एकदम मशीनवर काढून घ्या. "लागला तर आणू" म्हणून उरलेले चार लिटर आठवड्याने आणले की बॅच बदलते.

खोलीगणिक रंग नको. चार खोल्यांना चार शेड्स घेतल्या तर प्रत्येकीचे चार-चार लिटरचे डबे येतात आणि प्रत्येकातला लिटर-दीड लिटर वाया जातो. एकच शेड घेतली तर २० लिटरची बादली येते, लिटरमागे भावही कमी बसतो, आणि उरलेला रंग घरातल्या कुठल्याही भिंतीला चालतो. छताला मात्र शुद्ध पांढराच.

मृण्मयी_अंतरंग

एक शेड हे मान्य. पण "ऑफ-व्हाइट" म्हटलं की दुकानदार वीस पट्ट्या पुढे टाकतो. त्यातली कोणती, हे तुमच्या घरात आधीच पक्क्या असलेल्या गोष्टी ठरवतात: फरशी, दारं, ओटा. ते बदलणार नाहीत, त्यामुळे भिंतीने त्यांच्याशी जुळवून घ्यायचं.

तुमची फरशी आयव्हरी, ठिपके तपकिरी, दारं अक्रोडी. सगळं उबदार आहे. त्यावर एजंटचा निळसर करडा टाकलात तर फरशी पिवळट आणि जुनी दिसायला लागेल. करडा वाईट नाही, पण तो पांढऱ्या किंवा करड्या फरशीवर खुलतो. उलट बाजूने, गडद क्रीम घेतलंत तर पश्चिमेचं ऊन संध्याकाळी हॉलमध्ये येतं तेव्हा ती भिंत चक्क हळदीसारखी दिसेल. म्हणून मधला मार्ग: किंचित करडी-बदामी झाक असलेला ऑफ-व्हाइट. शेड कार्डाची पट्टी पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. गुलाबी, हिरवी किंवा पिवळी झाक लगेच कळते. नुसती पट्टी हातात धरून कधीच कळत नाही.

आता दिवे. आपल्याकडे भाड्याच्या घरात बहुतेक ठिकाणी ६५०० केल्विनची पांढरी एलईडी पट्टी असते. त्या प्रकाशात क्रीममधला पिवळा हिरवट होतो आणि करडा निळा पडतो. दुकानात शेड बघता तिथेही तसलीच ट्यूब असते, त्यामुळे दिवसाच्या उजेडात घरी आणल्यावर "ही ती शेडच नाही" असं वाटतं. भाडेकरू कोणता दिवा लावेल हे तुमच्या हातात नाही, म्हणून दोन्हीत बरी दिसेल अशी शेड हवी. फिटिंग्ज तुम्हीच देणार असाल तर ४००० केल्विनच्या, कमी निळसर उजेडाच्या पट्ट्या लावून द्या. किंमत साधारण तीच.

डक्टवाल्या खोलीबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. अंधारी खोली म्हणून लोक शुभ्र पांढरा देतात. पांढऱ्याला परत फेकायला मुळात उजेड लागतो, तो नसेल तर कोपरे राखाडी दिसतात. तिथे थोडी बदामी झाक जास्त सुसह्य वाटते. तुमची शेड तशीच असेल तर वेगळा रंग घ्यायची गरज नाही. त्या खोलीत एकाऐवजी समोरासमोरच्या भिंतींवर दोन पट्ट्या लावा. रंगाने जे होणार नाही ते त्याने होतं.

शेडच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा मिळाला तर बघा. भिंत किती उजेड परत टाकते त्याचा तो आकडा, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे शुभ्र. भाड्याच्या घराला ७० ते ७८ मधलं काहीतरी धरा. ८५ च्या वर गेलात तर प्रत्येक बोट उमटतं, ६० च्या खाली गेलात तर तुमची आतली बेडरूम दिवसा गुहा होईल.

आणि नमुना लावल्याशिवाय बादली घेऊ नका. एक लिटरचा डबा आणा, दोन बाय दोन फुटांचे ठोकळे मारा: एक हॉलमध्ये खिडकीसमोर, एक डक्टच्या खोलीत. आधी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), मग रंगाचे पूर्ण दोन हात, म्हणजे दोन थर. मरून किंवा जांभळ्या भिंतीवर थेट मारलात तर शेजारचा रंग डोळ्यांना फसवतो. ठोकळ्याभोवती अर्धा फूट पांढरा प्रायमर दिसू द्या. सकाळी, चार वाजता आणि रात्री ट्यूबखाली बघा. ओला रंग आणि वाळलेला रंग यात फरक असतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीच निर्णय.

जुना_चुना

मॅट की चमक हे राहिलं. इथे बरेच जण डोळे झाकून "धुता येणारा, चमकवाला घ्या" सांगतील. भिंती गुळगुळीत असतील तर ठीक. जुन्या इमारतीत प्लास्टरला पोट आलेलं असतं, मागच्या दोन-तीन रंगांचे थर असतात. चमकवाला रंग तिथे प्रत्येक उंचवटा दाखवतो, विशेषतः पश्चिमेच्या खिडकीतून आडवं ऊन येतं तेव्हा. आणि पॅच मारला की शेड शंभर टक्के जुळली तरी जुन्या-नव्याची चमक जुळत नाही, तिरकं पाहिलं की ठिगळ दिसतं. मॅट दोन्ही लपवतो.

मॅटचा तोटा असा की जोरात घासलं तर तेवढीच जागा चकाकते. डाग काढायचा तर मऊ स्पंज, थोडं भांड्याचं लिक्विड, आणि दाब न देता पुसायचं. भाडेकरू तारेची घासणी घेतो, तिथे गणित बिघडतं.

माझं मत: हॉल, बेडरूम, छत मॅट. किचन आणि पॅसेज त्याच शेडमध्ये पण धुता येणाऱ्या, किंचित चमकेच्या इमल्शनमध्ये. किचनमध्ये टाइल्सच्या वर फोडणीचा तेलकट धूर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. तो थर मॅटमधून निघत नाही. पॅसेज अरुंद, सगळ्यांचे खांदे आणि बॅगा घासतात.

पत्रा_आणि_ब्रश

जुना_चुना, हॉल मॅट ठीक, पण बेडरूममध्ये पलंगाच्या मागची भिंत? डोक्याच्या तेलाचा गोल डाग साध्या मॅटमध्ये आत मुरतो आणि वरून दोन हात मारले तरी महिन्याभरात पुन्हा वर येतो. तिथे एकतर मधल्या दर्जाचं इमल्शन हवं, नाहीतर रंगवण्याआधी ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, ऑइल बेस प्रायमरचा एक हात. पाण्याचा प्रायमर तेल अडवत नाही.

बाकी किचनबद्दल सहमत. देवाची जागा हॉलमध्ये असेल तर निरंजन-उदबत्तीच्या वर छतापर्यंत काजळीचा पट्टा येतो, त्यालाही हाच इलाज.

जुना_चुना

पलंगामागच्या भिंतीचं पटलं. सरळ डोकं टेकतं तेवढ्या उंचीला लाकडी किंवा लॅमिनेटची पट्टी मारून द्या, सगळ्यात स्वस्त.

घरमालक_पुणे

भरपूर माहिती मिळाली, आभार. आता कामाचं विचारतो. माल किती लागेल? पेंटर "कार्पेटच्या साडेतीन पट" धरून भाव सांगतोय. मरून भिंत झाकायला काय करावं? आणि डक्टवाल्या खोलीची एक भिंत बाथरूमला लागून आहे, खाली फूटभर पोपडे आलेत. साधं इमल्शन की डिस्टेंपर (स्वस्तातला, खडूसारखा रंग), हेही सांगा.

पत्रा_आणि_ब्रश

साडेतीन पट ही नुसती अंदाजपट्टी. खोल्या लहान असल्या की भिंती तुलनेने जास्त भरतात. तुमच्याच मापाने करू.

भिंती म्हणजे खोलीचा घेर गुणिले साडेनऊ. हॉल ४९४, मोठी बेडरूम ३९९, लहान ३८०, किचन ३२३, पॅसेजच्या दोन्ही बाजू १९०, बाथरूम-संडासाचा टाइल्सवरचा पट्टा साधारण ९५. बेरीज १८८१ चौ. फूट. छत सगळं मिळून ५१५ च्या आसपास. यातून दारं, खिडक्या आणि ओट्यावरच्या टाइल्स वजा करा. दार दोन खोल्यांत मोजलं गेलं असेल तर दोन्हीकडून वजा होतं. साधारण ३१५ निघतात. उरल्या भिंती सुमारे १५६५, छत ५१५, एकूण २०८०. म्हणजे चार पट.

तुमचा पेंटर साडेतीन पटीने बोलतोय म्हणजे १८२०. ते लेखी पक्कं करत असेल तर गप्प बसा, तुमचाच फायदा. पण काम संपल्यावर टेप काढून दारं-खिडक्या वजा न करता मोजलं तर २३९६ होतात. तिथेच भांडणं होतात. सुरू करण्याआधी कागदावर लिहून घ्या: दर कशावर, उघड्या जागा वजा की नाही, लांबी (भोकं-खड्डे भरायची पुट्टी) आणि प्रायमर दरात की वेगळे, किती हात, कोणतं प्रॉडक्ट. "ब्रँडेड रंग" हे प्रॉडक्टचं नाव नव्हे. त्याच कंपनीत डिस्टेंपरपासून महागड्या इमल्शनपर्यंत सगळं असतं. सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा.

माल: जुन्या भिंतीवर दोन हातांना लिटरमागे ६० चौ. फूट धरा. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. भिंतींना २६ लिटर, म्हणजे २० अधिक १० घ्या, उरलेला पॅचसाठी. किचन-पॅसेज धुता येणाऱ्या इमल्शनमध्ये घेणार असाल तर त्या ४०० चौ. फुटांना सात लिटर बाजूला काढा. मग साधं १९ लिटर लागतं आणि एका २० च्या बादलीत जेमतेम बसतं, पॅचला लिटरभर उरेल एवढंच. त्याच कोडचा एक लिटरचा डबा त्याच दिवशी जास्तीचा घ्या. छताला पांढरा १० लिटर. प्रायमर सगळीकडे एक हात दिला तर २० लिटर.

लांबीबद्दल एक गोष्ट बहुतेक पेंटर पाळत नाहीत. गोणीतली व्हाइट सिमेंटची पुट्टी उघड्या प्लास्टरवर चांगली बसते, जुन्या रंगावर नाही. रंगावर मारली की दोन पावसाळ्यांत पापुद्रा सुटतो, आणि दोष रंगाला दिला जातो. तुमचं रिपेंटिंग आहे, भोकं आणि खड्डे भरायचेत, तर डब्यातली ॲक्रिलिक पुट्टी आणा, १० ते २० किलो पुरे. प्लास्टर उघडं पडलंय तिथेच सिमेंटची वापरा, आणि कालवलेली तीन तासांत संपवा. घट्ट झाली म्हणून पाणी घालून पुन्हा फिरवली की ती भुसभुशीत होते.

क्रम असा: पत्र्याने सुटा रंग खरवडणं, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं, धूळ ओल्या फडक्याने पुसणं, प्रायमर, लांबी, वाळल्यावर १८० ने घासणं, लांबीच्या जागांवर पुन्हा प्रायमर, मग रंगाचे दोन हात, मध्ये चार ते सहा तास. लांबीवर प्रायमर टाळला तर ती जागा रंग जास्त पिते आणि वाळल्यावर भिंतीवर बोथट ठिपके दिसतात. पेंटर म्हणेल "दुसऱ्या हातात जाईल". नाही जात. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, बहुतेक इमल्शनला लिटरमागे ४०० मिलीच्या आसपास. बादली पातळ करून तिसरा हात "फुकट" देणं ही जुनी युक्ती आहे.

मरून भिंत: गडद रंग लाल ऑक्साइडचा असो की आणखी कशाचा, पांढऱ्या प्रायमरच्या एका हातातून गुलाबी डोकावतो. दोन हात प्रायमर द्या आणि दुसऱ्या हातात काळ्या स्टेनरचे थोडे थेंब टाकून तो फिकट राखाडी करा. राखाडी थर खालचा लाल मारतो, त्यावर तुमचा ऑफ-व्हाइट दोन हातांत बसतो. स्टेनरचा मान्य उपयोग हा एवढाच. नाहीतर चार-पाच हात मारत बसाल. आणि पुन्हा हायलाइट वॉल करू नका. गडद शेडवर नख लागलं तरी पांढरी रेघ उठते, आणि पुढच्या वेळी झाकायला हाच खर्च.

डिस्टेंपर: दर वर्षी रंगवायची तयारी असेल तरच. ओलं फडकं फिरवलं की हाताला येतं. आणि सध्या भिंतीवर काय आहे ते आधी तपासा. तळहात घासून बघा. पांढरी पूड लागली तर जुना डिस्टेंपर किंवा चुना आहे. तो खरवडून काढल्याशिवाय इमल्शन मारलं तर रंग पुडीला चिकटेल, भिंतीला नाही. एका टोकाला टेप लावून ओढला की पानासारखा सुटतो.

ओल_पाझर

पोपड्यांबद्दल. रंगाचा विचार तिथे सोडून द्या, आधी पाणी शोधा. बाथरूमकडच्या भिंतीत खाली फूटभर म्हणजे बहुतेक वेळा बाथरूमच्या फरशी-भिंतीच्या कोपऱ्यातला सांधा किंवा नाहणी ट्रॅपभोवतीचा (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचा) भाग. आधी टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, नाहणी ट्रॅपचा घेर सील करा. भिंतीत लपवलेली पाइपलाइन असेल तर बाथरूम न वापरता सगळे नळ बंद ठेवून रात्रभर मीटर किंवा टाकीची पातळी बघा.

भिंत वाळली की नाही हे तपासायला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल तर ओल जिवंत आहे. गळती थांबल्यावरही जुन्या विटांची भिंत वाळायला आठवडे लागतात, आणि डक्टच्या खोलीत हवा खेळत नाही म्हणून जास्तच. तिथलं प्लास्टर हाताने भुगा होत असेल तर वीट दिसेपर्यंत फोडा आणि वॉटरप्रूफिंग पावडर घालून नवं करा. पांढरे केसांसारखे क्षार दिसले तर कोरड्या ब्रशने झाडायचे. पाण्याने धुतले की ते परत आत जातात आणि रंगामागून वर येतात.

दुकानदार वॉटरप्रूफ पेंट विकेल. तो पाणी बाहेरून भिंतीत शिरतं त्या बाजूला कामाचा. आतल्या बाजूने लावला तर पाणी अडतं, पण जातं कुठे? फूटभर वर सरकतं.

मुदत जवळ असेल तर ती एक भिंत सोडून बाकी घर रंगवा आणि तिचं काम पावसाळ्यानंतर करा. तुमची शेड एकच असल्याने तेवढं शक्य आहे. नव्या भाडेकरूला आधी सांगून ठेवा. दसरा-दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पेंटर मिळत नाहीत आणि मिळालेले घाई करतात, डिसेंबर ते मे हा काळ बरा.

काळी बुरशी असेल तर एक भाग ब्लीच, चार भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुवा. बाथरूम साफ करायच्या ॲसिडबरोबर हे कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

भाडेकरू_ठाणे

दुसऱ्या बाजूचा प्रश्न. ठाण्यात भाड्याने राहतो. मालकाने सगळं क्रीम दिलंय, आम्हाला एक खोली हिरवट करायची आहे. करावी का? सोडताना काय होईल?

मृण्मयी_अंतरंग

करता येईल, पण परवानगी लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा होकार चालतो, करारात एक ओळ असेल तर उत्तम: "एका भिंतीला फिकट रंग देण्यास मालकाची हरकत नाही, सोडताना मूळ शेडमध्ये परत करून देईन / द्यायची गरज नाही", दोन्हीपैकी काय ते स्पष्ट. आणि मूळ क्रीमचा कोड मालकाकडून आत्ताच मागून घ्या. सोडताना मिळत नाही.

फिकट हिरवा घ्या, बेसमध्ये पांढरा जास्त असलेला. सोडताना तो दोन हातांत झाकला जातो. बाटलीचा गडद हिरवा घेतलात तर प्रायमर, तीन हात आणि अनामत रकमेतली कपात.

वॉलपेपर स्टिकर्स, त्यांच्याबद्दल मात्र सावध. "काढता येणारे" असं लिहिलेलं असतं, पण साध्या इमल्शनखाली लांबी कच्ची असेल तर स्टिकरबरोबर लांबीचा पापुद्रा येतो. कोपऱ्यात एक तुकडा आठ दिवस लावून हळू ओढून बघा. गणपतीत मखरामागे लावलेली फोमची दुहेरी टेप सगळ्यात वाईट. ओढून काढूच नका, हेअर ड्रायरने गरम करून दोऱ्याने कापत काढा. भिंतीला हात न लावता रंग हवा असेल तर पडदे खोलीभर रुंद घ्या. छताजवळच्या दांड्यापासून जमिनीपर्यंत हिरवा पडदा भिंतीइतकाच रंग देतो.

कायदा_आणि_करार

थोडक्यात दोन गोष्टी. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. रंगाचं काय ठरलंय ते त्याच करारात घाला. "पेंटिंग चार्जेस म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार" असं नुसतं तोंडी असेल तर सोडताना वाद ठरलेला. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात भिंतींची रंगसफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाच्या यादीत टाकला आहे. पण तो आदर्श मसुदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे करारातली ओळ महत्त्वाची.

घर देताना प्रत्येक भिंतीचा दिवसाच्या उजेडातला फोटो, तारखेसकट, दोघांकडे असू द्या. वापराने रंग मळणं वेगळं आणि भिंतीला पाडलेलं खिंडार वेगळं. फोटोशिवाय हा फरक सिद्ध होत नाही.

घरमालक_पुणे

फार मदत झाली. ऑफ-व्हाइट, बदामी-करडी झाक, मशीनवरची शेड, नमुन्याचे दोन ठोकळे या आठवड्यात मारतो. डक्टची भिंत मागे ठेवतो. शेवटचे दोन प्रश्न: खिडक्यांच्या ग्रिलला आणि बाथरूमच्या दारांना पांढरा ऑइल पेंट द्यायचा विचार आहे, चालेल? आणि उरलेला रंग किती दिवस टिकतो, ठेवायचा कसा?

पत्रा_आणि_ब्रश

ग्रिलला पांढरा नको. पांढरं इनॅमल, म्हणजे तुमचा ऑइल पेंट, उजेड कमी असलेल्या जागी पिवळं पडतं, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला तर वर्षभरात. दारांना फिकट तपकिरी द्या किंवा पाण्याचं इनॅमल घ्या, ते पिवळं पडत नाही. ग्रिलला गंज खरवडून रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर काळं किंवा करडं. इमारत जुनी आहे, तर दारांवरचे जुने थर कोरडे घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये काय होतं याची खात्री नाही, म्हणून पाणी लावून घासा आणि चुरा पुसून फेका.

उरलेला रंग अर्ध्या बादलीत ठेवू नका, वरच्या हवेने साय धरते. लहान प्लास्टिकच्या बरणीत काठोकाठ भरा, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा, मग झाकण. बरणीवर कोड, प्रॉडक्ट, खोल्या आणि तारीख लिहा. पाणी घातलेला रंग ठेवूच नका, तो लवकर नासतो. डब्यातला कोराच ठेवा. लॉफ्टवर पत्र्याखाली नको, उन्हाळ्यात तापतो; जिन्याखाली किंवा कपाटाच्या तळाशी ठेवा. असा ठेवला तर पुढच्या एक-दोन भाडेकरूंपर्यंत उपयोगी पडतो. वापरताना तळापर्यंत ढवळा आणि जुन्या ओढणीतून गाळा, गाठी भिंतीवर येत नाहीत. पॅच मारताना ब्रश नको, भिंतीला लावला होता तसाच रोलर घ्या, आणि कडा सुक्या होत जाणाऱ्या रोलरने बाहेर पसरवत न्या. चौकोनी पॅच डोळ्यात भरतो. झाकण उघडल्यावर कुजका वास आला तर तो रंग फेकून द्या, तो वास भिंतीवर गेल्यावरही राहतो.

घरमालक_पुणे

रोलरचं लक्षात ठेवतो. पेंटर सोमवारी मापं घ्यायला येतोय, २०८० चा कागद तयार ठेवलाय.

जुना_चुना

साडेतीन पटीचा कागद त्याच्याकडून आधी सही करून घ्या, मग २०८० चा दाखवायचा की नाही ते बघा.